सिकलसेल, चारात एक आणि ‘तुम्ही दोघांनी लग्न करू नका’

सिकलसेल या आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराबद्दल कुठेही वाचायला घ्या, शेवटी एक वाक्य येतंच येतं, ‘दोन वाहकांनी एकमेकांशी लग्न करू नये’ (वाहक म्हणजे ज्याला आजार नाही पण जो तो मुलांकडे देऊ शकतो). पोस्टरवर, माहितीपत्रकात, व्हिडिओत, सगळीकडे. आणि ते इतक्या ठामपणे लिहिलेलं असतं की वाचणाऱ्याला वाटतं हे विज्ञानानेच सांगितलंय, दोन दुणे चार सारखं. विज्ञान असं काही सांगत नाही. ते फक्त सांगतं की अमुक आईबाप असतील तर मुलाला आजार व्हायची शक्यता किती, बस. त्यावरून कोणी काय करायचं हा पुढचा प्रश्न, आणि तो ज्यांचा आहे त्यांना न विचारता कोणीतरी परस्पर सोडवून टाकलाय असं मला हे वाक्य वाचताना दर वेळी वाटतं. शक्यता नीट समजावून सांगायला अर्धा तास लागतो, ‘करू नका’ म्हणायला दोन सेकंद, मग कुठलं टिकलं ते दिसतंच आहे.

तर आधी तो अर्धा तास.

हिमोग्लोबिन म्हणजे लाल पेशींतलं ऑक्सिजन वाहणारं प्रथिन, त्याच्या बीटा साखळीची कृती, म्हणजे जीन, ११ नंबरच्या गुणसूत्रावर लिहिलेली असते, आणि गुणसूत्रं जोडीने असतात त्यामुळे ती कृतीपण दोनदा, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. साखळी १४६ अमिनो आम्लांची. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असायला पाहिजे तिथे व्हॅलिन बसतं, डीएनएत बघायला गेलं तर एका अक्षराचा फरक, जीएजीच्या जागी जीटीजी. एवढ्याने नेहमीच्या हिमोग्लोबिन ए चं हिमोग्लोबिन एस होतं. एस ने ऑक्सिजन सोडला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे तयार होतात, लाल पेशी आतून ताणली जाऊन विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. नेहमीची लाल पेशी १२० दिवस टिकते, ही १० ते २० दिवसांत संपते. असह्य ठणका, रक्त कमी पडणं, प्लीहा निकामी होणं, लहानपणीच जीवघेणे संसर्ग, सगळं तिथून सुरू होतं.

दोन्ही प्रती एस असल्या की एसएस, म्हणजे आजार. एक ए आणि एक एस असली की एएस, म्हणजे वाहक. वाहकाच्या रक्तात एस साधारण ३५ ते ४० टक्के असतं, ए त्याहून जास्त, आणि तेवढ्या ए वर शरीराचं व्यवस्थित भागतं. अगदीच काही होत नाही असंही नाही, कधी लघवीतून रक्त जातं, फार उंचावर किंवा जिवापाड कष्ट करताना क्वचित त्रास होऊ शकतो, पण वाहक हा सिकलसेलचा पेशंट नाही, ‘थोडा सिकलसेल’ असंही काही नसतं. आणि तो कधी पेशंट होणारही नाही, कारण एएस चं वय वाढून एसएस होत नसतं. हे इतकं बाळबोध वाक्य लिहावं लागतंय कारण ‘आत्ता वाहक आहे, पुढे आजार वाढेल का’ हा प्रश्न शिकलेले लोकपण विचारतात.

यात लोकांनाच हसायला नको. शास्त्रज्ञांचापण इथेच गोंधळ झाला होता. शिकागोत जेम्स हेरिकने १९१० मध्ये या विळ्यासारख्या पेशी पहिल्यांदा छापून वर्णन केल्या, आणि पुढे लक्षात आलं की पेशंटच्या धडधाकट नातेवाईकांचं रक्त काचपट्टीवर हवाबंद करून ठेवलं तर त्यांच्याही पेशी वाकतात. मग १९२३ मध्ये निष्कर्ष निघाला की एकच प्रत पुरेशी आहे, म्हणजे हा प्रभावी गुण. जवळजवळ २५ वर्षं हा समज चालला. १९४९ मध्ये अमेरिकेत जेम्स नील आणि आफ्रिकेत काम करणारा डॉक्टर बीट या दोघांनी वेगवेगळं दाखवून दिलं की पेशी वाकणारे दोन प्रकारचे लोक आहेत, एका प्रतीवाले आणि दोन प्रतीवाले, आणि आजारी मुलाचे आईबाप दोघंही एका प्रतीवाले निघतात. म्हणजे ‘टेस्ट पॉझिटिव्ह’ आणि ‘आजारी’ यांच्यातली गल्लत या आजाराच्या जन्मापासूनची आहे, आणि माझ्या मते आजचा तो लग्नाचा हुकूमही त्याच गल्लतीवर पोसलेला आहे.

आता चारात एक. आई एएस, बाप एएस, तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस असण्याची शक्यता २५ टक्के, एएस असण्याची ५०, आणि एए असण्याची २५. चार खणांच्या चौकोनात मांडलं की हे दिसतं सोपं, पण अंगात मुरत नाही. मी एका संध्याकाळी दोन नाणी घेऊन बसलो, एक आईचं एक बापाचं, छापा म्हणजे ए, काटा म्हणजे एस, दोन्ही एकदम उडवायची, एक फेक म्हणजे एक मूल, चार मुलं म्हणजे एक घर. अशी दहा घरं कागदावर मांडली. तिसऱ्या घरात पहिलीच दोन मुलं ओळीने काटा-काटा आली. पाच, सात आणि नऊ नंबरच्या घरात एकसुद्धा नाही. ‘चारात एक’ ऐकून डोक्यात जे चित्र असतं, की चार मुलांत बरोब्बर एक आजारी, तसं दहातल्या निम्म्या घरांतही झालं नाही. गणितही तेच सांगतं, चार मुलांच्या अशा घरांपैकी साधारण ३२ टक्के घरांत एकही आजारी मूल नसतं, ४२ टक्के घरांत एक असतं आणि उरलेल्या २६ टक्के घरांत दोन किंवा जास्त. नाण्याला मागचं काही आठवत नाही. पहिलं मूल एसएस झालं म्हणून पुढची तीन सुटली असं नाही, आणि पहिली तीन चांगली झाली म्हणून चौथ्यावर पाळी आली असंही नाही. दर वेळी तेच २५.

यातून एक गंमत, खरंतर गंमत नाही, पण डॉक्टरांच्या लक्षात राहायला हवी अशी गोष्ट. ते जे ३२ टक्के आहेत ना, ती घरं दवाखान्यात येतच नाहीत. दोघंही वाहक, चार मुलं ठणठणीत, कोणाला पत्ताही नाही. दवाखान्यात येतं ते दोन आजारी मुलांचं घर. त्यामुळे रोज असे पेशंट बघणाऱ्याला मनापासून वाटू लागतं की वाहक-वाहक लग्न म्हणजे संकटच, कारण त्याच्यासमोर फक्त हरलेले डाव येतात.

अजून एक हिशोब कुणी सांगत नाही, तो म्हणजे बऱ्या भावंडाचा. आईबाप दोघं वाहक, एक मूल आजारी, दुसरं चांगलं. त्या चांगल्या मुलीला सांगतात तुला काही नाही, तू सुटलीस. ती आजारी नाही हे आपल्याला माहीत आहे म्हणजे एसएस हा खण बाद, उरले तीन, त्यातले दोन एएस. म्हणजे ती वाहक असण्याची शक्यता तीनात दोन, निम्म्याहून जास्त. तपासणीची सगळ्यात जास्त गरज या भावंडांना, पण घरातलं सगळं लक्ष आजारी पोराकडे आणि हिला कोणी विचारत नाही.

बरं, मग हुकूम चुकीचा का. एक कारण इतिहासात मिळतं. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बऱ्याच राज्यांनी घाईघाईत सिकलसेल तपासणीचे कायदे केले. कुठे शाळेत, कुठे लग्नाच्या परवान्यासाठी, आणि सगळा रोख काळ्या लोकांवर. समुपदेशन जवळपास नाही, आणि काही कायद्यांत तर वाहक आणि रुग्ण यांच्यातला फरकच धड लिहिलेला नाही. झालं काय, तर ठणठणीत माणसांना नोकऱ्या नाकारल्या गेल्या, विमा महाग पडला, आणि अमेरिकन हवाई दलाच्या अकादमीत वाहकांना १९८१ पर्यंत घेतच नव्हते. साप साप म्हणून भुई धोपटणं याला म्हणतात. १९७२ मध्ये निक्सनच्या सहीने राष्ट्रीय कायदा झाला त्यात सरकारी पैशातली तपासणी ऐच्छिक असावी असं घालावं लागलं ते यामुळेच. आणि हे फक्त अडाण्यांचं काम होतं असं समजू नका. लायनस पॉलिंग, ज्याने १९४९ मध्येच सहकाऱ्यांबरोबर दाखवून दिलं की सिकलसेल हा मुळात एका रेणूचा आजार आहे, दोन नोबेलवाला माणूस, त्याने १९६८ मध्ये लिहिलं की अशा जीनची एक प्रत असलेल्या तरुणांच्या कपाळावर खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांना बघताक्षणी ओळखतील आणि प्रेमात पडणारच नाहीत! आजार त्याला रेणूपर्यंत कळला होता, माणसं नाही कळली.

ग्रीसमधल्या ओर्खोमेनोस भागात त्याच सुमारास जास्त सभ्यपणे प्रयोग झाला. तिथे वाहकांचं प्रमाण खूप, म्हणून तपासणी केली, लोकांना समजावलं, आणि जोडीदार बघून निवडा म्हणून सांगितलं. काही वर्षांनी परत जाऊन बघितलं तर वाहकांवर शिक्का बसला होता, लोक लग्न ठरवताना आपण वाहक असल्याचं लपवत होते, आणि वाहक-वाहक लग्नं जेवढी आपोआप झाली असती जवळपास तेवढीच झाली होती. म्हणजे बदनामी पदरात आणि उपयोग शून्य. ‘करू नका’ म्हटलं की लोक करायचं थांबवत नाहीत, सांगायचं थांबवतात.

दुसरं कारण मला इतिहासापेक्षा जास्त टोचतं, कारण ते साधं तांत्रिक आहे आणि आजही चालू आहे. मोठ्या शिबिरांत जी पहिली टेस्ट करतात ती सोल्युबिलिटी टेस्ट. एका नळीत रसायन, त्यात थोडंसं रक्त, नळीमागे काळ्या रेघा असलेला कागद. रेघा आरपार दिसल्या तर निगेटिव्ह, पाणी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. स्वस्त आहे, पटकन होते, कामाची आहे. पण ती एकाच प्रश्नाचं उत्तर देते, एस आहे की नाही. एएस ची नळीपण गढूळ आणि एसएस ची पण. तान्ह्या बाळात तर ती भरवशाचीच नाही, कारण त्याच्या रक्तात अजून गर्भातलं हिमोग्लोबिन भरलेलं असतं. आणि मुख्य म्हणजे, रेघा स्वच्छ दिसल्या म्हणजे माणसाच्या बीटा साखळीच्या दोन्ही कृती चांगल्या आहेत असं मुळीच नाही. तो बीटा थॅलेसेमियाचा वाहक असू शकतो, म्हणजे त्याच्या एका प्रतीतून बीटा साखळी कमी बनते किंवा बनतच नाही. हिमोग्लोबिन डी-पंजाब, ई, सी अशा बीटा साखळीतल्या दुसऱ्या बदलांचा वाहक असू शकतो. नळी यातलं काहीही सांगत नाही.

आता जोडपं समोर आणा. ती एएस, तो ‘निगेटिव्ह’. सगळे खुश, नियम पाळला, वाहकाने वाहकाशी लग्न केलेलं नाही. पण तो बीटा थॅलेसेमियाचा वाहक आहे आणि ते कोणी बघितलेलंच नाही. यांच्या मुलाला आईकडून एस आणि बापाकडून थॅलेसेमियाची प्रत यायची शक्यता पुन्हा तीच, २५ टक्के, आणि बापाच्या प्रतीतून ए अजिबात बनत नसेल तर ते मूल एसएस इतकंच आजारी पडू शकतं. बाळाला पहिले काही महिने काही होत नाही, कारण ते गर्भातलं हिमोग्लोबिन राखण करत असतं, मग सहाव्या-आठव्या महिन्यात हातापायाची बोटं टम्म सुजतात, पोर रडून रडून बेजार. रिपोर्ट येतो, ए शून्य, बहुतांश एस. कोणीतरी ‘एसएस’ लिहून मोकळं होतं. मग घरात हिशोब सुरू, दोन्हीकडून एस यावं लागतं ना, आणि याची टेस्ट तर निगेटिव्ह आहे, मग हे मूल कुणाचं? पुढे त्या बाईचं काय होतं याची कल्पना करा. अर्धवट टेस्ट आणि अर्धवट नियम यांनी एका बाईच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले, आणि उत्तर तिच्या नवऱ्याच्या रक्तात, एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणाऱ्या टेस्टच्या कागदावर, ए-टू (थॅलेसेमियाच्या वाहकात वाढणारा हिमोग्लोबिनचा प्रकार) ३.५ टक्क्यांच्या वर या एका ओळीत होतं. ती टेस्ट आधी केली असती तर.

म्हणून मला ‘वाहकाने वाहकाशी’ हे वाक्य नुसतं उद्धट वाटत नाही, चुकीचंपण वाटतं.

तिसरं, उच्चाटन. हा शब्द योजनांना फार आवडतो, भारतात १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मिशनच्या नावातपण तो आहे, २०४७ पर्यंतची मुदत. तपासणी, औषधं, रुग्णांची नोंद हे त्यातलं सगळं हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण समजा शंभरात २० वाहक आहेत, आणि सगळ्यांनी नियम तंतोतंत पाळला, एकाही वाहकाने वाहकाशी लग्न केलं नाही. मग २० टक्के बाया आणि २० टक्के पुरुष, सगळ्यांचे जोडीदार एए, म्हणजे शंभरातल्या ४० लग्नांत एक बाजू वाहक. त्यांची निम्मी मुलं वाहक. ४० चे निम्मे २०. पुढच्या पिढीतही शंभरात २०! आजारी मूल एकही नाही हे खरं, पण जीन तिथेच, रेसभरही कमी नाही. म्हणजे हा नियम एकदा पाळून भागणार नाही, दर पिढीत, प्रत्येक लग्नात, कायमचा पाळावा लागेल, आणि ज्या पिढीत ढिलाई झाली त्या पिढीत आजार परत. मलेरियाच्या प्रदेशात तर या जीनने वाहक मुलांना वाचवलंय, अँथनी अ‍ॅलिसनने १९५४ मध्ये ते दाखवलं, म्हणून तर तो एवढा टिकला. त्याला लग्नाच्या नियमाने संपवू म्हणणं हे मला हिशोब न करता बोलल्यासारखं वाटतं.

आता यावर लोक चिडून म्हणतील, आणि त्यांचा राग मला समजतो, की तुला काय जातंय बोलायला, ज्या आईने सोळा तास पोराचा ठणका बघितलाय तिला जाऊन सांग. बरोबर आहे. अशी आईच पुढच्या मुलीला ‘बाई गं, वाहकाशी लग्न करू नकोस’ म्हणत असेल तर मी तोंड उघडणार नाही, तो तिच्या अनुभवाचा सल्ला आहे, आणि ऐकायचा की नाही ते ती मुलगी ठरवेल. माझा आक्षेप तो सल्ला सरकारी शिक्का मारून सगळ्यांना वाटण्याला आहे. आणि मी तपासणीच्या विरोधात मुळीच नाही, उलट मला ती आत्तापेक्षा जास्त हवी आहे, आणि लवकर. सौदी अरेबियात २००४ पासून लग्नाआधी तपासणी सक्तीची आहे, लग्न करायचं की नाही ते मात्र जोडप्यावर सोडलंय. सुरुवातीच्या वर्षांत धोका असलेल्या बहुतेक जोडप्यांनी लग्न केलंच. नंतर मोडणाऱ्यांचं प्रमाण वाढत गेलं, पण सुरुवातीची गोष्ट समजून घेण्यासारखी आहे, सगळं ठरून झाल्यावर हातात आलेला रिपोर्ट म्हणजे माहिती कमी आणि पेच जास्त. हीच गोष्ट कोणाच्या प्रेमात पडायच्या आधी, सोळा-सतरा वर्षांच्या वयात, रक्तगट माहीत असतो तशी माहीत असली तर तिचं एवढं ओझं होत नाही.

आणि दोन वाहकांनी लग्न केलं तर रस्ता बंद होतो हेही खरं नाही. १९७८ मध्ये कान आणि डोझी या दोघांनी गर्भाच्या डीएनएवरून सिकलसेल ओळखता येतो हे दाखवलं, तेव्हापासून गरोदरपणातच, आता तर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, कळू शकतं. कोणाला ते नको असतं, कोणाला प्रयोगशाळेत गर्भ तपासून घेणं परवडतं, कोणी मूल दत्तक घेतं, आणि कोणी जे होईल ते बघू म्हणून पुढे जातं. या शेवटच्यांना मी बेजबाबदार म्हणणार नाही, फक्त त्यांच्या बाळाची टाच जन्मल्याबरोबर टोचून रक्त तपासलं गेलं पाहिजे. कारण १९८६ मध्ये छापून आलेल्या अमेरिकन चाचणीत एसएस मुलांना रोज पेनिसिलिन दिलं तर न्युमोकोकस या जंतूचे संसर्ग इतके कमी झाले की ती चाचणी मुदतीच्या आधीच थांबवून सगळ्यांना औषध दिलं. पण त्यासाठी मूल एसएस आहे हे बोटं सुजायच्या आधी माहीत पाहिजे ना.

अजून एक कोडं आहे, तपासणीनंतर नॉर्मल, वाहक, रुग्ण अशी रंगीत कार्डं वाटणाऱ्यांनी सोडवून बघावं. एसएस असलेल्या मुलीला तिच्या एए भावाचा बोनमॅरो, म्हणजे हाडातला रक्त बनवणारा मगज, बसवला, ती बरी झाली. आता तिचं रक्त तपासलं तर एए. कार्ड काढलं तर ‘नॉर्मल’. पण तिची बीजांडं तिची स्वतःचीच आहेत, प्रत्येकात एस, तिचं प्रत्येक मूल किमान वाहक असणारच, आणि नवरा एएस असेल तर निम्मी शक्यता आजाराची. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केलेल्या कॅसजेव्ही या जीन-उपचाराचंही तेच, तो रक्त बनवणाऱ्या पेशींत बदल करतो, बीजांडात किंवा शुक्राणूत नाही. उपचार जसे पसरतील तशी ही माणसं वाढणार, आणि त्यांना एका रंगात कोंबता येणार नाही, बसून समजावूनच सांगावं लागेल.

मला विचाराल तर रिपोर्टच्या खाली काय लिहावं, तर फार काही नको. सोल्युबिलिटीवर थांबू नका, एचपीएलसी किंवा तेच काम करणारी इलेक्ट्रोफोरेसिस टेस्ट करा आणि सगळे आकडे छापा, एस किती, ए किती, ए-टू किती. ‘पॉझिटिव्ह’ हा शब्दच काढून टाका, ‘वाहक, आजार नाही’ असं सरळ लिहा. मग जोडीदाराचा रिपोर्ट शेजारी ठेवून त्या दोघांचा जो खरा आकडा येतो तो, दर गरोदरपणाला एवढा, असा लिहा. आणि तो कागद देताना दोघांनाही समोर बसवा. बऱ्याचदा ती एकटीच येते, गरोदर, पाचवा महिना, नवरा कामावर, आणि तिलाच सांगितलं जातं की त्यांना टेस्टला घेऊन या. घरी जाऊन ती हे कसं सांगणार, आणि तो ‘मला काय झालंय’ म्हणून येणारच नाही, हे सांगणाऱ्यालाही माहीत असतं.